सुट्या पानावरची ती

१२ जानेवारी २०२५, सकाळी ९
आजपासून ही वही. ह्यांच्या आठवणींचं पुस्तक निघणार. पुण्याच्या प्रकाशकांकडून स्वप्नाली नावाची मुलगी येऊन गेली. तीस वर्षांची असेल. एडिटर आहे. तिला ह्यांचं अक्षर लागत नाही. कुणालाच लागत नाही. मला लागतं. मी शाळेत एक दिवसही गेले नाही. अक्षरं शिकले ती ह्यांच्या प्रुफांवर, भाकरीचा तवा उतरवून. पुढं पन्नास वर्षं ह्यांचं प्रत्येक पुस्तक पहिल्यांदा मी वाचलं. तेव्हा ठरलं असं की मी सगळं स्वच्छ लिहून द्यायचं, तिनं कॉम्प्युटरवर घ्यायचं. येत्या नोव्हेंबरात ह्यांना जाऊन वर्ष होईल, त्या दिवशी प्रकाशन.
निश्चय: एक अक्षर बदलणार नाही. गेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून त्याच्या लिहिण्यात आपण हात घालू नये.

१३ जानेवारी
अडचण. पानांना नंबर नाहीत. ह्यांनी कधीच घातले नाहीत. नंबर घातला की संपल्यासारखं वाटतं, म्हणायचे. कागद सुतळीत क्रमानं बांधलेले होते. पण सुतक फिटल्यावर घर धुवायला काढलं तेव्हा भावकीतल्या बायकांनी सुतळी सोडून सगळे कागद गच्चीवर उन्हात घातले. साताऱ्याचा वारा तो. जयराज, माझा मुलगा, शिरवळला कंपनीत मॅनेजर आहे, तो डोक्याचा गोटा केलेल्या अवस्थेत शेजाऱ्यांच्या पत्र्यांवरून बापाचं आयुष्य गोळा करत होता.
हरकत नाही. जसं घडलं तसं लावीन. काय घडलं ते मला माहीत आहे.

२ फेब्रुवारी
तीनशे बारा पानं लावून झाली. मेंढरामागची लहानपणाची वर्षं, वाईची पहिली नोकरी, साताऱ्याची कचेरी, पुस्तकं, सत्कार.
लावता लावता आमचं लग्न दिसलं. मी शोधत नव्हते. एका पानाच्या तळाला आहे: ‘त्या साली लग्न झालं. पाऊस बरा होता.’
तीनदा वाचलं. चांगलं वाक्य आहे. पाल्हाळ नाही.
कुत्र्यावर अकरा पानं आहेत.

३ फेब्रुवारी
मला वाईट वाटलेलं नाही. कुत्रं चांगलंच असणार.

८ फेब्रुवारी, दुपार
एक पान उरलंय. कुठंच बसत नाही. सुरुवात अशी: ‘ती नसती तर मी अक्षराला लागलो नसतो.’ शेवट असा: ‘तिच्याइतकं मला कुणी सांभाळलं नाही.’ मधल्या ओळींवर शाई पसरली आहे. ह्यांचंच भिंग घेऊन बसले. डोळ्यांना पाणी येतं. भिंगानं येतं तसं.
आता ह्यांना अक्षर कुणी लावलं? खरं तर ह्यांनी मला लावलं. पण शिकवताना माणूस स्वतःही शिकतोच.
पान लग्नाच्या पानामागे ठेवलं. फार विचार करावा लागला नाही.

१० फेब्रुवारी
दुसरी ओळ लागली! ‘आमचं सगळं घर तिच्या पाठीवर होतं.’
आपण डोक्यावर म्हणतो. लेखक पाठीवर म्हणतात. हे तोंडावर कधी बोलले नाहीत. पन्नास वर्षांत ‘भाजी बरी झालीय’ एवढंसुद्धा नाही. आणि मनात हे.
स्वप्नालीला फोन केला. ती म्हणाली, ‘काकू, अंगावर काटा आला. हे आपण कव्हरच्या मागे टाकू.’ हुशार मुलगी आहे.

१४ फेब्रुवारी
हुशार नाही. आज म्हणते, ‘काकू, राग मानू नका, पण ही ‘ती’ म्हणजे नक्की कोण?’ म्हटलं, दुसरी कोण असणार? तर आडवळणानं म्हणाली, ‘नाही, वाईच्या आगाशे बाईंवर सरांनी नऊ पानं लिहिलीत...’
आगाशे बाई वाचनालयात होत्या. ह्यांना पुस्तकं द्यायच्या. बस, एवढंच. नऊ पानं लागतात त्याला, कारण पुस्तकांची नावं लांब असतात.

१५ फेब्रुवारी
आगाशे बाईंचा विचार करायचा नाही, असं ठरवलं. सकाळपासून चार वेळा ठरवलं.

२० फेब्रुवारी
आणखी एक ओळ. ‘सकाळी सगळ्यांच्या आधी ती उभी असायची.’ मीच! साडेचारला! जयराजला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘आई, उठलेली असायची, असं लिहिलं असतं ना?’ त्याला म्हटलं, तू कंपनीचं बघ.

३ मार्च
पुढची ओळ लागली. लागायला नको होती. ‘मागच्या डाव्या पायानं जरा अधू होती, पण वाट सोडली नाही.’
आगाशे बाई काठी घेऊन चालतात. मी एका सत्कारात बघितलंय.
जेवले नाही.

४ मार्च
जेवले. आठवलं! २००९ साली जिन्यावरून माझा पाय मुरगळला होता. तीन आठवडे सुंठ-हळदीचा लेप. डावा की उजवा ते आठवत नाही, म्हणजे डावाच असणार.
‘मागच्या’ हा शब्द मात्र घाईत पडलाय. माणसाला मागचा पाय नसतो. काढला. याला बदलणं म्हणत नाहीत, याला प्रूफ तपासणं म्हणतात.

९ मार्च
‘गूळ तिच्या जिवाचा. हातावरचाच खायची.’
मला गूळ आवडत नाही, असं जयराजचं म्हणणं. आवडत नाही म्हणजे खाऊन बघितला नाही. आजपासून रोज दुपारी एक खडा. हातावर घेऊनच.

१७ मार्च
न लागलेली शेवटची ओळ लागली. फार वेळ भिंग धरून बसले, कदाचित दुसरं काही असेल म्हणून. नाही. ‘एकदाच तिनं मला लाथ मारली, तीही माझ्याच चुकीनं.’
मी लाथ मारलेली नाही. एकदा तांब्या आपटला होता, तो लांब पडला.
खूप विचार केला. एवढा मोठा लेखक, सरकारचा पुरस्कार, आणि बायकोच्या लाथा खात होता, असं लोकांनी का म्हणायचं? ह्यांच्या अब्रूसाठी ओळ गाळली. आता पान कसं स्वच्छ, वाहतं झालंय. ह्यांनी परत वाचलं असतं तर ह्यांनीही हेच केलं असतं.
बाकी निश्चय कायम. एक अक्षर बदललेलं नाही.

६ एप्रिल
हंबीरराव आले होते. इस्लामपूरकडच्या एका कारखान्याचे चेअरमन. प्रस्तावना तेच लिहिणार, सांगलीचा हॉलही त्यांचा. येताना साखर आणि पेढे. वाचायला दिलेल्या गठ्ठ्यातली पाच पानं वेगळी काढून आणली होती. ‘कोंडवाडा’ म्हणून प्रकरण आहे. ह्यांच्या लहानपणी मेंढरं उसाच्या फडात शिरली, तेव्हा हंबीररावांच्या वडिलांनी मेंढरांचा सगळा वाडा, त्यातली घोडीसुद्धा, तीन दिवस कोंडून घातला. पाणीही दिलं नाही.
हंबीरराव हात जोडून म्हणाले, ‘वहिनीसाहेब, वडील गेले आता. तुमचे पण गेले, आमचे पण गेले. उसात मेंढरं शिरल्यावर कुणीही काय केलं असतं? एवढी पाच पानं बाजूला राहू द्या. हॉलचं, जेवणाचं तुम्ही काही बघू नका.’
पानं पुन्हा वाचली. सगळी मेंढरं आणि घोडी. घरच्या माणसांचं त्यात काहीच नाही. दिली सोडून.

७ एप्रिल
स्वप्नाली फोनवर चिडली. ‘काकू, एक अक्षर बदलणार नाही म्हणाला होतात! ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे!’ मी तिला शांतपणे सांगितलं, अक्षर कुठं बदललं? पानं काढली.
मग म्हणाली, बरं, मग आगाशे बाईंचं काय करायचं? सुट्या पानाच्या ‘ती’ची खात्री झाल्याशिवाय ते पान लग्नाच्या मागे छापणार नाही. आगाशे बाईंच्या मागे छापेल.
मी फोन ठेवला. पुन्हा केला. पुन्हा ठेवला.

११ जून
वाईला गेले होते. घाट बघायला. साडेदहाची एस.टी. घाट बघून झाल्यावर सहज आगाशे बाईंच्या घरावरून गेले, घर मला दोन जणांना विचारून सापडलं.
बाई ब्याऐंशीच्या. काठी आहे, पण ती २०१६ ला न्हाणीघरात पडल्या तेव्हापासूनची. गेल्या गेल्या मी आधी तेच विचारलं. जीव भांड्यात पडला.
त्यांना सुटं पान वाचून दाखवलं, माझं स्वच्छ केलेलं. बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, ‘मी सांभाळलं? अहो, तो माणूस माझ्या वाचनालयाची सहा पुस्तकं घेऊन गेला आणि ती परत न करता पुढं तिथंच भाषण द्यायला आला! माझ्यावर असलं काही लिहायची त्याची छाती नाही.’
मग विचारलं, ‘सुलाबाई, तुम्ही कधी मेंढरामागे हिंडलात का हो त्याच्याबरोबर?’ म्हटलं, नाही. लग्न झालं तेव्हा हे कचेरीत होते, आम्ही कायम साताऱ्यात. ‘मग पाठीवर घर?’ असं म्हणून माझ्याकडे बघत बसल्या. हे विचारायची त्यांना काय गरज होती, कळलं नाही. वय झालंय.
लाडू चांगला होता. गुळाचा. दोन खाल्ले, हातावर घेऊन.

१२ जून
स्वप्नालीला कळवलं: बाईंनी स्वतः नकार दिला. ती म्हणाली, ‘ठीक आहे काकू, मग तुम्हीच.’ मग तुम्हीच! पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हणालं.
ह्यांच्या फोटोसमोर बसले थोडा वेळ. काही बोलले नाही. काय बोलायचं, ह्यांनी सगळं लिहूनच ठेवलंय.

२ सप्टेंबर
डॉक्टरांकडे. शुगर २८६. विचारलं, गोड खाता का? म्हटलं, नाही, फक्त गूळ. ते म्हणाले, बंद. मी म्हटलं, नोव्हेंबरपर्यंत तरी.

१९ सप्टेंबर
छापायला जाण्याआधीची प्रत आली. स्वप्नाली म्हणाली, मी भाषा जरा घट्ट केली आहे, एकदा नजर टाका. मी टाकली. सुटं पान लग्नाच्या मागे आहे. पान नंबर १४७. बाकी घट्ट असेल.

१३ नोव्हेंबर
उद्या सांगली. जांभळी साडी, जयराजच्या बायकोनं, साक्षीनं, आणली. बिराप्पा भाऊजी आटपाडीकडून थेट हॉलवर येणार. ह्यांचे चुलत भाऊ, लहानपणी बरोबर मेंढरं राखलेले. आता मेंढरातलं तेच एक माणूस उरलंय.
स्टेजवर चढताना डावा पाय जरा जपून टाकायचा, असं ठरवलं. खोटं नाही. मुरगळला होताच.

१५ नोव्हेंबर, दुपार
काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, लिहायचं म्हणून.
हॉल भरलेला. हंबीरराव मध्ये, मी शेजारी. पाय जपून टाकत चढले; साक्षीनं विचारलं, आई, लागलं का? हंबीररावांनी भाषणात सांगितलं की मोठ्या लेखकामागं मोठी स्त्री असते आणि मोठ्या सोहळ्यामागं कारखाना असतो. टाळ्या. मग सांगलीच्या नाटकात काम करणारी प्रांजल म्हणून मुलगी पान १४७ वाचायला उभी राहिली. आवाज असा की माझंच मला भरून आलं. ‘आमचं सगळं घर तिच्या पाठीवर होतं’ म्हणाली आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. लोक माझ्याकडे बघत होते. मी खाली बघितलं, बघतात तसं.
‘डाव्या पायानं जरा अधू होती...’
पहिल्या रांगेतून भाऊजी मोठ्यानं म्हणाले, ‘मागच्या!’
प्रांजल थांबली. भाऊजी पटका सावरत उभे राहिले. ‘मागच्या डाव्या! पोरी, नीट वाच की. आवं वैनी, ही तर आपली घोडी हाय!’
मग कुठंतरी मागं एकजण हसला, मग सगळे. सगळ्यात मोठ्यानं हंबीरराव हसले.
भाऊजींना वाटलं लोकांना गोष्ट आवडली. ते आणखी जोरात सांगायला लागले. ‘लय गुणाची घोडी! बिऱ्हाड सारं तिच्या पाटीवर. दादाची पाटी-पुस्तकं बी तिच्याच खोगिरात. जितं मुक्काम पडंल तितली शाळा, घोडी दारात उबी. दादा चाऱ्याआधी गूळ द्यायचा तिला, हातावरनं. एकदा मागनं गेला आन् खाल्ली लाथ! लंगडी न्हवती ती आधी. ह्या चेअरमनच्या बापानं तीन दिस कोंडली न्हवं का कोंडवाड्यात? दगडाच्या कुंपणावरनं उडी घ्याय गेली, तवापास्नं लंगडायची. ते पान कुटं गेलं? दादानं मला सोता वाचून दावलं हुतं!’
हंबीररावांचं हसणं जागच्या जागी थांबलं.
स्वप्नालीनं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या बाटलीकडे बघितलं.
स्टेजवरून उतरताना पाय सरळ टाकले.

१६ नोव्हेंबर
भाऊजी मुक्कामाला आहेत. सकाळी अंगणात बसून म्हणाले, ‘वैनी, माझं काय चुकलं व्हय? घरातली समदी गप हायती.’ म्हटलं, नाही भाऊजी, तुम्ही बरोबर वाचलंत. मीच चुकीचं लिहिलं होतं.
मग ते म्हणाले, ‘तुमी बघितली की तिला. तुमच्या लग्नात दादा तिच्यावरच बसला हुता. म्हातारी झालती, लोक म्हनत हुते भाड्यानं चांगली आणू. दादा म्हनला, हिच्यावरनंच जानार, न्हाईतर चालत.’
तेव्हा आठवलं. माझा पदर पार हनुवटीपर्यंत होता. नवरा दिसलाच नाही मला. मांडवाच्या तोंडाशी घोडीचे पाय तेवढे दिसले. मागचा एक पाय ती उचलून धरत होती. मला वाटलं होतं, बिचारीला दुखत असेल. नवऱ्याचा विचार नंतर आला.

१७ नोव्हेंबर
कोंडवाड्याची पाच पानं डब्यातून काढली. पाचव्या पानाचं शेवटचं वाक्य: ‘त्या घोडीचं पुन्हा पुन्हा का सांगतो?’ आणि त्याखाली सुटं पान ठेवलं: ‘ती नसती तर मी अक्षराला लागलो नसतो.’
बसलं. सुईत दोरा जावा तसं.
ही दोन पानं जानेवारीपासून माझ्याच घरात होती. एका खोलीत.
रडले थोडी. ह्यांच्यासाठी. घोडीसाठीही. आठ वर्षांचं पोर तिच्या पाठीवर बसून बाराखडी म्हणतंय, हे मला कधी दिसलंच नव्हतं. ह्यांनी लिहिलं होतं. मी मध्ये उभी होते.

१८ नोव्हेंबर
भाऊजींचा व्हिडिओ फोनवर सगळीकडे फिरतोय. स्वप्नालीचा फोन: आवृत्ती संपत आलीय, दुसरी काढायची. ती रागावली नव्हती. म्हणाली, लोक पान १४७ साठीच पुस्तक घेतायत.
दुसऱ्या आवृत्तीसाठी मी काढलेलं सगळं परत लिहून दिलं. ‘मागच्या’ घातला. लाथ घातली. कोंडवाड्याची पाचही पानं घातली, त्यांच्यामागे सुटं पान. हंबीररावांचा निरोप आला की प्रस्तावना काढा. काढली. गूळही बंद.
या वेळी खरोखरच एक अक्षर बदललेलं नाही.

२४ नोव्हेंबर
मूळ कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. कशासाठी नाही, बांधून ठेवायच्या आधी म्हणून. मला शोधत नव्हते. एक गोष्ट ध्यानात आली. हे चहाबद्दल फार लिहितात. ‘घरी आलो, चहा तयार होता.’ ‘बातमी ऐकली तेव्हा हातात चहा होता.’ ‘पहाटे चहा घेऊन लिहायला बसलो.’ खुणा करत गेले. एक्केचाळीस वेळा. आता तो चहा काय आपोआप तयार होत होता? त्यातले दोन वाईचे, आगाशे बाईंकडचे. ते सोडले. एकोणचाळीस माझे.
कुत्रं कुठं, मी कुठं.

२५ नोव्हेंबर, सकाळी १०
छापील पुस्तकात पानांचे नंबर असतात, म्हणून त्यात खुणा करायला बसले. चहा अकराच वेळा सापडला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. अकराच.
स्वप्नालीला फोन केला. ती म्हणाली, ‘हो काकू, सारखा सारखा चहा येत होता, रिपिटेशन वाटत होतं. भाषा घट्ट करताना काढला. तुम्ही प्रत बघितली होती ना?’ विचारलं, वाईचे दोन? म्हणाली, ‘ते ठेवलेत. त्या चहाला संदर्भ आहे.’
म्हणजे माझे नऊ.
तिला म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत तेवढे नऊ तरी राहू देत.
ती म्हणाली, बघते काकू.